रिपोर्ट म्हणतो ‘आढळले नाही’, पण प्लेटलेट वाढतायत: सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातले आहे. रुग्णाच्या संमतीने लिहिले आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे ‘ताई’ म्हटले आहे. त्या आमच्या ओपीडीत आल्या तेव्हा उपचार सुरू होऊन सहा महिने झाले होते. आधीच्या सहा महिन्यांची हकिगत त्यांच्या फायलीतून आणि आधीच्या डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून जुळवलेली आहे.

पार्श्वभूमी

ताई ४१ वर्षांच्या. राहायला कळव्यात; ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत त्यांचे पोळी-भाजी केंद्र. यजमान वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात, मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. काही महिने थकवा होता, डाव्या बरगडीखाली जड वाटायचे, दोन घास खाल्ले की पोट भरायचे. दिवसभर तव्यासमोर उभे राहणाऱ्या बाईला थकवा येणारच, असे घरात सगळ्यांनी धरले होते. फॅमिली डॉक्टरांनी पोट तपासले तेव्हा त्यांच्या हाताला प्लीहा लागली आणि त्यांनी त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला लावली.

पांढऱ्या पेशी १,१२,०००. हिमोग्लोबिन ९.४. प्लेटलेट ११ लाख, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. काचपट्टीवर पांढऱ्या पेशींच्या कच्च्यापासून पक्क्यापर्यंत सगळ्या अवस्था दिसत होत्या, बेसोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, ब्लास्ट (सर्वात कच्च्या पेशी) २ टक्के. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचे हे चित्र होते आणि तेही संथ, सुरुवातीच्या टप्प्यातले.

सीएमएलचे निदान जनुकीय तपासणीशिवाय पुरे होत नाही. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि २२ वरच्या बीसीआर जनुकाला ९ वरचे एबीएल१ येऊन चिकटते. या जोडजनुकापासून बनणारे प्रथिन पेशींना सतत वाढत ठेवते. आखूड झालेले ते २२ वे गुणसूत्र पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फिया शहरात प्रथम पाहिले, म्हणून त्याचे नाव फिलाडेल्फिया गुणसूत्र. ही दोन गुणसूत्रांमधली अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्या प्रथिनालाच अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. ताईंच्या घराला उपचार झेपला तो त्यामुळे. तपासण्या मात्र वर्षानुवर्षे करत राहाव्या लागतात आणि त्यांचा खर्च झेपणे ही वेगळी गोष्ट आहे. या प्रकरणातले बरेच निर्णय त्या खर्चाकडे बघत झालेले आहेत.

निदानाच्या वेळचा निर्णय

आधीच्या डॉक्टरांनी रक्तावर ‘फिश’ तपासणी केली. यात बीसीआर आणि एबीएल१ या दोन्ही जनुकांवर वेगवेगळ्या रंगांच्या चमकणाऱ्या खुणा लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली किमान २०० पेशींमध्ये त्या खुणा एकत्र आल्या आहेत का ते मोजतात. ताईंच्या ९४ टक्के पेशींत त्या एकत्र होत्या. निदान पक्के झाले. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज एक गोळी, जेवणानंतर.

दोन गोष्टी राहिल्या. एक, अस्थिमज्जा काढून गुणसूत्रांची मांडणी, म्हणजे कॅरिओटाइप. कंबरेच्या हाडात सुई जाणार म्हटल्यावर ताई घाबरल्या आणि फिशने निदान झालेच आहे तर आग्रह कशाला, असे ठरले. दुसरी, जोडजनुकाचा नेमका प्रकार कोणता हे सांगणारी पीसीआर, म्हणजे जनुकाच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधणारी तपासणी. तिचे काही हजार रुपये वाचवावेत, पुढे दर तीन महिन्यांनी पीसीआर करायचीच आहे, हा विचार होता.

त्या टेबलावर बसलेल्या डॉक्टरला हा विचार चुकीचा वाटला नसता. समोरच्या बाईला लवकर गोळी सुरू व्हायला हवी होती आणि ती झाली. पण पुढचे सगळे त्या राहिलेल्या दुसऱ्या तपासणीपाशी येऊन अडले.

तीन महिन्यांचा रिपोर्ट

तीन महिन्यांनी रक्ताचे आकडे सुधारले होते. पांढऱ्या पेशी ७,०००, प्लेटलेट ३ लाखांच्या आसपास, प्लीहा हाताला लागत नव्हती. ठरल्याप्रमाणे ‘बीसीआर-एबीएल क्वांटिटेटिव्ह पीसीआर’ साठी, म्हणजे जोडजनुकाचे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरसाठी, रक्त गेले आणि पीडीएफ आली: आढळले नाही, ०.०००.

मुलाने पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. कोपरीत पेढे वाटले गेले. डॉक्टरांनीही समाधान व्यक्त केले.

मला या प्रकरणात सर्वात जास्त थांबून बघावेसे वाटते ते इथे. इमॅटिनिबवर चांगला प्रतिसाद म्हणजे काय याचे ठरलेले टप्पे आहेत: तीन महिन्यांनी जोडजनुकाचे प्रमाण आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, वर्षाने ०.१ टक्का किंवा कमी. त्याखालचे खोल आकडे यायला बहुतेकांना वर्षे लागतात, अनेकांना ते कधीच गाठता येत नाहीत. ९४ टक्के पेशींत रोग असलेला माणूस तीन महिन्यांत थेट शून्यावर आला, तर आनंदाआधी शंका यायला हवी. आकडा फारच चांगला असेल तेव्हा तपासणी बरोबर चालली आहे का हे विचारायचे, ही सवय प्रयोगशाळेतल्या लोकांना असते. दवाखान्यात ती कमी पडते, कारण चांगली बातमी अडवून धरायला कोणालाच आवडत नाही.

आणि मागे वळून तुलना करायला निदानाच्या वेळची अशीच मोजणारी पीसीआर नव्हती. ती असती तर तीसुद्धा ‘आढळले नाही’ अशीच आली असती आणि गोष्ट पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

अडचण

सहाव्या महिन्यात प्लेटलेट ६,८०,०००, पांढऱ्या पेशी १४,०००, प्लीहा पुन्हा बोटाला जेमतेम लागणारी. पीसीआर मात्र पुन्हा ‘आढळले नाही’. इथे आधीच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. रिपोर्टवर विसंबून न राहता त्यांनी ताईंना आमच्याकडे पाठवले.

ताई यजमान, मुलगा आणि जाऊबाई यांच्यासह आल्या. मुलाचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, कॅन्सर शून्य आहे ना? मग आईच्या प्लेटलेट का वाढतायत?” प्रश्न अगदी बरोबर होता.

समोरच्या शक्यता

आम्ही शक्यता कागदावर मांडल्या. पहिली साधी: लोहाची कमतरता. तिनेही प्लेटलेट वाढतात आणि ताईंना पाळीचा त्रास होता. पण प्लीहा आणि पांढऱ्या पेशी त्यात बसत नव्हत्या. दुसरी: सॅम्पल खराब झाले. ही पीसीआर आरएनएवर, म्हणजे जनुकावरून पेशीत बनणाऱ्या प्रतीवर, चालते, आरएनए नाजूक असतो, आणि रक्ताची नळी उन्हात किंवा बॅगेत दोन दिवस पडून राहिली तर खोटे शून्य येऊ शकते. तिसरी: गोळ्या नीट घेतल्या जात नाहीत. पण मग पीसीआर वाढलेली दिसायला हवी होती. चौथी: औषधाला न जुमानणारे म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल. तिथेही तोच पेच. पाचवी: या लॅबची पीसीआर ताईंचा रोग पाहूच शकत नाही.

दुसऱ्या आणि पाचव्या शक्यतेचा निकाल लावायला नवीन सॅम्पल लागले नाही. मुलाकडे पूर्ण पीडीएफ मागितली. दुसऱ्या पानावर दोन गोष्टी होत्या. नियंत्रण जनुक म्हणून मोजलेल्या एबीएलच्या प्रती ४८,००० होत्या. दहा हजारांच्या वर त्या असतील तर सॅम्पल पुरेसे चांगले मानतात, म्हणजे आरएनए खराब झालेला नव्हता. आणि तळाला, बारीक अक्षरात: ही चाचणी फक्त ई१३ए२ आणि ई१४ए२ हे ट्रान्सक्रिप्ट मोजते.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे जोडजनुकाची आरएनए प्रत. बीसीआर जनुक कुठे तुटले यावरून तिचे प्रकार पडतात. सीएमएलच्या ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत ई१३ए२ किंवा ई१४ए२ असते, त्यांचे प्रथिन पी२१०. उरलेल्यांत तुटण्याची जागा वेगळी असते: ई१ए२, ई१९ए२, किंवा एबीएलचा दुसरा तुकडाच गळालेले ई१३ए३, ई१४ए३. नेहमीची मोजणारी पीसीआर पी२१० साठी बांधलेली असते. तिचे प्रायमर, म्हणजे शोधायचा तुकडा पकडणारे छोटे धागे, ठरावीक जागीच बसतात. ती जागा नसेल किंवा फार लांब असेल तर यंत्रात काहीच वाढत नाही आणि रिपोर्टवर शून्य येते. जाऊबाईंना हे मी असे सांगितले: आपली किल्ली शेजारच्या कुलपाला लागली नाही, म्हणून शेजारी कोणी राहतच नाही असे होत नाही.

लॅबला फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की मागणीच्या फॉर्मवर ‘निदानाच्या वेळचा ट्रान्सक्रिप्ट’ असा रकाना आहे आणि दोन्ही वेळा तो रिकामा आला होता. सॅम्पल घ्यायला येणाऱ्या मुलाने फॉर्म भरला होता. त्याला तो रकाना कोण समजावणार?

गोळ्यांचा प्रश्न

आता वाटेल की उत्तर सापडले. पण प्लेटलेट वाढण्याचे कारण अजून सापडले नव्हते. तपासणी आंधळी होती हे कळले, रोग का डोके वर काढत होता हे नाही.

‘गोळ्या रोज घेता ना?’ या प्रश्नाला ओपीडीत ‘हो’ हेच उत्तर मिळते. ताईंनीही तेच दिले. आमच्या समुपदेशक बाईंनी ताईंना एकटीला बसवून दुसऱ्या बाजूने विचारले: तीस गोळ्यांची डबी तुम्हाला किती दिवस पुरते? ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आता दीड-दोन महिने जाते. शून्य आलं तेव्हापासून दिवसाआड घेते.”

कारणे खरी होती. सकाळी गोळी घेतली की तव्याच्या धगीत मळमळ व्हायची. डोळ्यांखाली सूज यायची आणि गिऱ्हाइके विचारायची. रात्री पायात गोळे यायचे. रोग गेलाच आहे तर एवढे सोसायचे कशाला, असे त्यांनी स्वतःशी ठरवले होते. यात त्यांचा हलगर्जीपणा मला दिसत नाही. हातातल्या कागदावर विश्वास ठेवून कोणीही समजूतदार माणूस असेच वागला असता. चुकीच्या शून्याने सर्वात मोठे नुकसान केले ते हे.

कोणता मार्ग घ्यायचा

एक मत असे होते की लगेच दुसऱ्या पिढीची गोळी, डासाटिनिब किंवा निलोटिनिब, सुरू करावी. सहा महिन्यांनी आकडे बिघडले म्हणजे इमॅटिनिब अपयशी. पण निम्मा डोस घेतलेल्या औषधाला अपयशी ठरवणे बरोबर नव्हते. शिवाय नवी गोळी महाग आणि तिचे दुष्परिणाम वेगळे: डासाटिनिबने छातीत पाणी होऊ शकते, निलोटिनिब दिवसातून दोनदा उपाशीपोटी घ्यावी लागते. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेणाऱ्या बाईला हे वेळापत्रक सांभाळणे अवघड होते.

दुसरे मत: तीच पीसीआर दुसऱ्या लॅबमध्ये करून बघावी. घरच्यांना हे पटत होते, कारण एक रक्ताची नळी आणि काम संपले. पण दुसरी लॅबही बहुधा पी२१० चीच चाचणी लावणार आणि तिसरे शून्य हाती येणार. पैसे जातील आणि गैरसमज घट्ट होईल.

आम्ही तिसरा मार्ग धरला: रक्तावर फिश, अस्थिमज्जेवर कॅरिओटाइप आणि सर्व प्रकारचे ट्रान्सक्रिप्ट ओळखणारी मल्टिप्लेक्स पीसीआर. म्युटेशनची तपासणी मागे ठेवली. पूर्ण डोस तीन महिने घेऊनही प्रतिसाद नसेल तरच ती करायची, आणि करताना लॅबला ट्रान्सक्रिप्टचा प्रकार आधी कळवायचा, कारण ती तपासणीही त्याच जोडापासून सुरू होते.

अस्थिमज्जेवरून घरात पुन्हा बोलणे झाले. यजमान तयार नव्हते. शेवटी ताईच म्हणाल्या, “सुई एकदा टोचेल. खोटा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी टोचतोय.” कॅरिओटाइपसाठी हेपरिनच्या हिरव्या टोपणाची नळी लागते, कारण पेशी जिवंत राहून त्या वाढवाव्या लागतात. पीसीआरसाठी ईडीटीएची जांभळी. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या फॉर्मसह त्याच दुपारी पाठवल्या आणि ट्रान्सक्रिप्टचा रकाना आम्ही स्वतः भरला: ‘अज्ञात, पी२१० निगेटिव्ह, फिश पॉझिटिव्ह’.

निष्कर्ष आणि उपचार

फिशमध्ये ३८ टक्के पेशी पॉझिटिव्ह. कॅरिओटाइपमध्ये २० पैकी ८ पेशींत ९ आणि २२ ची अदलाबदल, त्याखेरीज दुसरा कोणताही बिघाड नाही. हा मोठा दिलासा होता. मल्टिप्लेक्स पीसीआरमध्ये ई१९ए२, म्हणजे पी२३० प्रथिन बनवणारा दुर्मिळ प्रकार. या प्रकारात प्लेटलेट बरेच वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. पहिल्या सीबीसीतले ११ लाख हा त्या दिशेचा इशारा म्हणता येईल, पण नेहमीच्या प्रकारातही प्लेटलेट वाढतात, त्यामुळे केवळ त्यावरून कोणी ओळखावे ही अपेक्षा रास्त नाही. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही कमी निघाले. म्हणजे लोहाची कमतरता होतीच, पण ती एकटी दोषी नव्हती.

इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम तशीच ठेवली, फक्त सकाळऐवजी रात्रीच्या जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. मळमळ पहिल्याच आठवड्यात कमी झाली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम तपासले आणि मॅग्नेशियम सुरू केल्यावर पायातले गोळे सुसह्य झाले. डोळ्यांखालची सूज पूर्ण गेली नाही; ती धोक्याची नाही हे कळल्यावर ताईंनी ती स्वीकारली. लोहाच्या गोळ्या दिल्या. गर्भधारणा टाळण्याबद्दलही बोललो, कारण इमॅटिनिब गर्भाला घातक ठरू शकते आणि ४१ व्या वर्षी हा विषय संपला असे कोणी गृहीत धरू नये. आधी हे बोलणे झालेले नव्हते.

देखरेखीचा प्रश्न अवघड होता. टक्क्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी पी२१० पुरतीच आहे. ई१९ए२ साठी तसा सर्वमान्य आकडा नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तावर फिश, सहा महिन्यांनी एकदा अस्थिमज्जा, आणि फिश निगेटिव्ह झाल्यावर एकाच लॅबमध्ये मल्टिप्लेक्स पीसीआर, असे ठरवले. लॅब बदलायची नाही, कारण प्रमाणित मोजपट्टी नसताना वेगवेगळ्या लॅबच्या निकालांची तुलना करता येत नाही. दुसरे मत हवे असेल तर खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राचा, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकचा पर्यायही कुटुंबाला सांगितला. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते. मुलाने एकदा जाऊन चौकशी केली आणि कुटुंबाने योजना तशीच ठेवली.

परिणाम

पूर्ण डोसवर तीन महिन्यांनी फिश ६ टक्के. सहा महिन्यांनी २०० पेशींत एकही नाही, अस्थिमज्जेच्या कॅरिओटाइपमध्ये २० पैकी शून्य. याला पूर्ण सायटोजेनेटिक (गुणसूत्रांच्या पातळीवरचा) प्रतिसाद म्हणतात आणि या वेळचे शून्य पाहू शकणाऱ्या तपासणीने दिलेले होते. वर्षाने रक्ताचे सगळे आकडे सामान्य, फिश निगेटिव्ह. मल्टिप्लेक्समध्ये ई१९ए२ ची पुसट रेघ अजून दिसत होती. म्युटेशन तपासणीची वेळ आली नाही.

ताईंनी विचारले, गोळी कधी बंद होईल? काही रुग्णांमध्ये काही वर्षांच्या उपचारानंतर, खोल प्रतिसाद दोन वर्षे टिकला तर, काटेकोर देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. पण तो निर्णय नेमक्या आकड्यावर उभा असतो आणि ताईंच्या प्रकारात तो आकडाच नाही. त्यामुळे सध्या उत्तर ‘नाही’ आहे. हे ऐकणे त्यांना जड गेले. ते आम्ही गोड करून सांगितले नाही.

काय वेगळे करता आले असते

निदानाच्या दिवशी ट्रान्सक्रिप्टचा प्रकार ठरवणारी एक पीसीआर. पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत. इथे वाचवलेले काही हजार पुढे दोन निरुपयोगी पीसीआर आणि एका जास्तीच्या फेरीत गेले. अस्थिमज्जा नंतर काढावीच लागली; ती सुरुवातीला काढली असती तर रोगाचा टप्पा आणि जास्तीचे बिघाड तेव्हाच कळले असते. पण रुग्ण घाबरलेला असताना रक्तावरची फिश आणि रक्तावरची मल्टिप्लेक्स पीसीआर मिळूनही ही चूक टळली असती, हे मला महत्त्वाचे वाटते. सुईची भीती आणि ट्रान्सक्रिप्टचा प्रश्न एकमेकांत अडकण्याचे कारण नव्हते.

लॅबच्या बाजूने बोलायचे तर चाचणी काय पाहू शकत नाही हे पहिल्या पानावर, निकालाच्या शेजारी छापायला हवे. रुग्णापर्यंत पहिलेच पान पोहोचते. ‘आढळले नाही’ ऐवजी ‘ई१३ए२ आणि ई१४ए२ आढळले नाहीत’ एवढे लिहिले तरी वाचणारा डॉक्टर थांबेल. आम्ही हे संबंधित लॅबला लेखी कळवले. मागणीचा फॉर्म डॉक्टरने भरावा, किमान रकाना रिकामा असेल तर लॅबने फोन करावा, हेही त्यात आहे.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. तीन महिन्यांचा चांगला रिपोर्ट आला तेव्हा सोबत एक फिश करायला हवी होती का? प्रत्येक रुग्णात ती केली तर खर्च विनाकारण वाढेल. माझे मत असे की ज्या रुग्णाची निदानाच्या वेळची पीसीआर हाताशी नाही, त्याच्या पहिल्या ‘आढळले नाही’ बरोबर फिश केलीच पाहिजे, आणि ती येईपर्यंत घरच्यांना शून्य हा शब्द सांगू नये. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की फिश करण्याऐवजी साठवलेल्या जुन्या नमुन्यावर मल्टिप्लेक्स पीसीआर करावी. नमुना साठवलेला असेल तर ते खरेच चांगले. बहुतेक ठिकाणी तो साठवलेला नसतो.